दुसऱ्याचे जग, आपला खेळ

अशी कल्पना करा की, रात्रीची जेवणे आटोपून चार-पाचजण ओटीवर बसले आहेत. मध्ये एक नकाशा, काही कागद, पेन्सिली आणि फासे. त्यांतला एकजण सांगतो, "तुम्ही नदीच्या काठी आलात. दिवस मावळलाय. पलीकडे एक दिवा दिसतोय. आता काय करता?" बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. कोणी होडी शोधतो, कोणी हाक मारतो, कोणी झुडपाआड लपतो. जे करणे अवघड, ते साधले की फसले हे फासा ठरवतो. या खेळाला आपण भूमिका-खेळ म्हणू, आणि सांगणाऱ्याला सूत्रधार. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाने असा खेळ छापून विकायला काढला आणि तेथून त्याचा प्रसार झाला.

एका बैठकीत संपणारा खेळ सोपा. पण तीच पात्रे घेऊन दर आठवड्याला बसायचे, वर्षभर एकच मोहीम चालवायची, तर त्या पात्रांना राहायला जग लागते. त्यात गावे हवीत, राजे हवेत, जुनी वैरे हवीत. असे जग स्वतः रचता येते. पण नकाशे रंगवता रंगवता वर्ष जाते आणि खेळ सुरूच होत नाही. म्हणून पुष्कळ सूत्रधार छापून आलेले एखादे तयार जग घेतात. अशी जगे डझनांनी आहेत. मग त्यांतले कोणते घ्यावे?

याचे उत्तर शोधताना मला कोकणातला दशावतार आठवतो. दशावतारी नाटकाचे संवाद लिहिलेले नसतात. कथा पुराणातली, समोर बसलेल्या पोरासोरांनाही ठाऊक असलेली. पण बोलणे नट जागच्या जागी रचतो. कथेचा आधार आहे म्हणून त्याला बोलायला धीर येतो, आणि शब्द बांधलेले नाहीत म्हणून रंग भरतो. छापील जगाकडूनही या दोनच गोष्टी मागायच्या: आधार आणि मोकळीक. आधार बहुतेक सगळीच देतात. मोकळीक किती ठेवतात, ते मात्र पारखून घ्यावे लागते.

पहिले उदाहरण 'ग्रेहॉक'चे. गायगॅक्स यांनी हे जग आधी आपल्या घरच्या खेळासाठी रचले. सुरुवातीच्या खेळाडूंत त्यांची स्वतःची मुले होती. १९८० साली ते छापले गेले, तेव्हा ३२ पानांचे एक पुस्तक आणि दोन मोठे नकाशे, एवढाच त्याचा पसारा होता. एकेका राज्याला जेमतेम परिच्छेद-दोन परिच्छेद. कोणाला हे अपुरे वाटेल. पण याच जगातल्या हॉमलेट नावाच्या खेड्याची पुस्तिका १९७९ साली निघाली. जवळच एक दुष्ट मंदिर आहे, असे तीत सांगितले होते; त्या मंदिराचे पुस्तक यायला मात्र १९८५ साल उजाडले. मधल्या सहा वर्षांत ज्यांना तिकडे जायचे होते, त्यांना ते मंदिर आपल्या मनाने बांधावे लागले. अपुरेपणाचा असाही उपयोग होतो.

दुसरे उदाहरण 'फरगॉटन रेल्म्स'. कॅनडातले एड ग्रीनवुड यांनी लहानपणी आपल्या गोष्टींसाठी हे जग कल्पिले आणि १९८७ साली ते खेळासाठी प्रसिद्ध झाले. त्यावर पुढे इतक्या कादंबऱ्या आणि पुस्तके निघाली की, एका माणसाने सगळी वाचून मग खेळायला बसायचे म्हटले तर त्याचे केस पिकतील! गंमत अशी की, पहिल्या आवृत्तीत सेंबिया नावाचा एक प्रदेश सूत्रधारांना आपल्या मनाप्रमाणे भरण्यासाठी मोकळा ठेवला होता. इतक्या भरल्या घरातही एक खोली रिकामी ठेवण्याचे शहाणपण कर्त्यांना सुचले होते.

'ड्रॅगनलान्स'ची गोष्ट निराळी. १९८४ साली मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्या आणि खेळाच्या पुस्तिका बरोबरीने निघू लागल्या. त्यांत एका महायुद्धाची कथा आहे, तिचे नायक ठरलेले आहेत. कथा बहारीची आहे, यात शंका नाही. पण ते युद्ध तुम्ही खेळायला घेतलेत, तर तुमच्या खेळाडूंनी करायचे मोठे काम आधीच दुसऱ्या कोणी करून ठेवलेले असते. अशा जगात जायचे तर त्या युद्धाच्या आधीचा किंवा नंतरचा काळ घ्यावा, नाहीतर नायक बदलायची तयारी ठेवावी.

'एबेरॉन' मात्र प्रश्न राखून ठेवणारे जग आहे. एका प्रकाशनसंस्थेने २००२ साली नव्या जगासाठी स्पर्धा लावली. अकरा हजारांच्या आसपास कल्पना आल्या. त्यांतून कीथ बेकर यांची निवडली गेली आणि २००४ साली पुस्तक निघाले. या जगात शंभर वर्षे चाललेले युद्ध नुकतेच थांबले आहे, आणि ते थांबण्याआधी एक अख्खे राज्य एका दिवसात उद्ध्वस्त झाले आहे. का झाले? याचे उत्तर पुस्तकाने मुद्दाम दिलेले नाही. ते प्रत्येक सूत्रधाराने आपले आपण ठरवायचे.

जगाचा स्वभावही पाहावा. १९९१ सालच्या 'डार्क सन'मध्ये सारे वाळवंट आहे. धातू दुर्मिळ, नाणी भाजलेल्या मातीची, आणि मंत्र टाकला की आसपासची झाडेझुडपे वाळून जातात. तेथे पाण्याची एक पखाल मिळवणे हाच पराक्रम ठरतो. दुष्काळ पाहिलेल्या गावात हा खेळ फार जवळचा वाटेल, आणि काहींना कदाचित नकोसाही होईल. तेव्हा जग ठरवण्याआधी खेळाडूंना विचारा, "तुम्हांला काय करायला आवडेल? दर्यावर हिंडायला, रहस्य शोधायला, की राज्य वाचवायला?" सूत्रधाराची आवड आणि टेबलाची आवड एकच असेल, असे धरून चालू नये.

आता आपल्याकडची एक व्यवहाराची अडचण. ही पुस्तके इंग्रजीत आहेत. ती सर्वांनी वाचावीत, ही अपेक्षाच सोडा. वाचायचे ते सूत्रधाराने, तेही एका गावापुरते आणि त्याच्या आसपासच्या दोन दिवसांच्या वाटेपुरते. खेळाडूंना मराठीत एक पान लिहून द्यावे: आपण कोठे आहोत, इथले लोक कशाला भितात, कोण कोणाचा वैरी. नावे जिभेवर बसत नसतील, तर खुशाल बदला. पुस्तकाचा कर्ता काही तपासायला येत नाही. उलट 'ग्लोरांथा' या जगाचे निर्माते ग्रेग स्टॅफर्ड हेच सांगत आले की, प्रत्येकाचा ग्लोरांथा वेगळाच निघणार.

एखाद्या खेळाडूने मात्र सगळे वाचलेले असते. तो मध्येच म्हणतो, "छे, छे! तिथला राजा तर केव्हाच मेला!" त्याला गप्प करू नये. पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवावे की, "पुस्तक इथपर्यंत, यापुढे जे घडेल ते आपलं." आणि त्या वाचकाच्या पात्राला प्रवासी किंवा पंडित करावे. त्याला जे ठाऊक आहे, ती त्या पात्राची ऐकीव माहिती. ती कधी खरी ठरेल, कधी खोटी. त्याचा मान राहतो आणि खेळही अडत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. समजा, शाळेतली सहा मुले घेऊन तुम्ही खेळायला बसलात. त्यांतली एक मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नाही. पाचव्या बैठकीला शत्रूची फौज नदीशी येते, सगळे विचारात पडतात, आणि ती हळूच म्हणते, "मी पूल तोडते." आता तुमच्या हातातल्या पुस्तकात तो पूल पुढची वीस वर्षे उभा आहे. तुम्ही जर म्हणालात, "नाही गं, तो पूल तुटत नाही, पुस्तकात तसं लिहिलंय," तर ती मुलगी बहुधा पुन्हा बोलणार नाही. आणि फासे तिच्या हाती देऊन म्हणालात, "टाक, बघू या," तर पूल तुटो वा न तुटो, आपल्या शब्दाने जगात काही हलते हे तिला कळेल.

म्हणून जग निवडताना नकाशा किती मोठा, चित्रे किती सुंदर, नाव किती गाजलेले, हे सारे मागाहून पाहा. आधी पुस्तक मिटून स्वतःला एकच विचारा: यातला एखादा पूल माझ्या खेळाडूंनी तोडला, तर तो तुटू द्यायला माझं मन तयार आहे का? तयार असेल, तर ते जग खुशाल घ्या. त्या जगाच्या प्रेमात पडून तुम्हांला त्यातली एक वीटही हलवावीशी वाटत नसेल, तर ते पुस्तक वाचण्यासाठी कपाटात ठेवा आणि खेळासाठी दुसरे, जरा कमी आवडते जग शोधा.