जरावस्था, रसायन आणि औषधांची पिशवी

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक संपूर्ण अंग जरेसाठी राखून ठेवलेले आहे, याचा आपणा सर्वांनाच अभिमान वाटतो. सुश्रुताचार्यांनी जरेची गणना क्षुधा, तृषा, निद्रा व मृत्यू यांच्यासमवेत स्वाभाविक व्याधींत केली. चरकाचार्यांनी साठीनंतर, तर सुश्रुताचार्यांनी सत्तरीनंतर वार्धक्य मानले. हे सर्व आपण व्याख्यानांतून वारंवार ऐकतो. आमचा आजचा विषय मात्र त्याहून साधा आहे. वृद्ध रुग्ण आपल्या दवाखान्याची वा औषधालयाची पायरी चढतो, तेव्हा त्याच्या घरी औषधांच्या पिशवीत काय काय असते, हे आपण विचारतो काय?

२०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढील व्यक्तींची संख्या दहा कोटींच्या वर होती. यांतील पुष्कळ जण एकाच वेळी दोन शास्त्रांची औषधे घेत असतात. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, लघवी साफ करणारी गोळी, रात्री झोपेची गोळी. आणि त्यांच्या जोडीला कुणी सांगितले म्हणून आणलेले चूर्ण, काढा, अरिष्ट. आधुनिक डॉक्टरांपुढे चूर्णाचे नाव काढले तर ते रागावतील आणि वैद्यांपुढे गोळ्या काढल्या तर ते बंद करायला सांगतील, या दुहेरी धास्तीने रुग्ण दोघांपासूनही निम्मी पिशवी लपवतो. ही धास्ती निर्माण करण्यात आपलाही वाटा आहे, हे मान्य करावयास हवे.

लवणभास्कर चूर्णाचेच उदाहरण घ्या. अग्निमांद्यावर ते उत्तमच. पण त्याच्या नावातच लवण आहे. हृदयाच्या दुर्बलतेने पायांवर सूज येणाऱ्या आजोबांना डॉक्टरांनी मीठ वर्ज्य केलेले असते. घरची मंडळी भाजीतले मीठ कटाक्षाने कमी करतात आणि आजोबा मात्र दोन्ही जेवणांनंतर चमचाभर चूर्ण ताकातून घेत राहतात. ज्येष्ठमधाचेही तसेच. खोकल्यापुरते ते गुणकारी आहे; परंतु मोठ्या मात्रेत आठवडेच्या आठवडे घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. लघवीची गोळी आधीच पोटॅशियम बाहेर टाकत असेल आणि त्यात रोज रात्री सोनामुखीयुक्त चूर्णाने रेच होत असतील, तर स्नायूंची दुर्बलता आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांना वेगळे कारण शोधण्याची गरज उरत नाही. इसबगोल पुरेशा पाण्यावाचून घेतला तर घशात वा आतड्यात अडकतो, आणि गोळ्यांबरोबर घेतला तर त्यांचे शोषण मंदावते. आसव-अरिष्टांत गूळ असतो व मद्यांशही असतो; मधुमेही रुग्णाला किंवा झोपेची गोळी घेणाऱ्याला ती देताना हे विसरून चालणार नाही.

तरुण शरीर असल्या चुका पचवून टाकते. वृद्ध शरीराला ते का साधत नाही, याचे कारण धातुक्षयात आहे. मांसधातू घटतो, शरीरातील जलाचा अंश उणावतो आणि तहानेची जाणीवच बोथट होते. वृक्कांची गाळण्याची शक्ती हळूहळू कमी होत जाते. येथे एक बाब विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. क्रिएटिनिन हे स्नायूंतून निर्माण होते. मांसक्षय झालेल्या कृश वृद्धेच्या तपासणीत त्याचा आकडा ‘नॉर्मल’ दिसला, तरी वृक्क अधूच असू शकतात. रिपोर्ट चांगला आहे म्हणून भस्मे व रसकल्प निश्चिंतपणे देणाऱ्यांनी हा विचार अवश्य करावा.

आता रसायनाविषयी. रसायन पूर्व वयात किंवा मध्यम वयात, शरीरशुद्धी करून द्यावे, असे सुश्रुत व वाग्भट दोघेही सांगतात. औषधालयात मात्र पंचेचाळिशीचा मुलगा ऐंशीच्या वडिलांसाठी च्यवनप्राशाचा डबा नेतो. शास्त्र पाहिले तर खरा अधिकारी तो मुलगाच! च्यवन ऋषी वृद्ध होते हे खरे; परंतु चरकसंहितेत जरा नष्ट होऊन नवयौवन येण्याची जी फलश्रुती आहे, ती कुटीप्रावेशिक विधीला जोडलेली आहे, सकाळच्या एका चमच्याला नव्हे. वृद्धाला रसायन देऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. अग्नी पाहून, मधुमेह असल्यास साखरेचा हिशेब करून, अल्प मात्रेत अवश्य द्यावे. त्यातून काय मिळेल व काय मिळणार नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

वार्धक्यात वाताचे प्राबल्य असते. म्हणून आमचा भर स्नेहनावर असतो. मात्राबस्ती तर बालवृद्धांसाठी प्रशस्तच मानला आहे. अभ्यंगाने त्वचेचा रुक्षपणा जातो, सांधे सैलावतात, झोप लागते. पण रात्री तळपायांना तेल लावून निजलेली आजी दोनच्या सुमारास लघवीसाठी उठते, गुळगुळीत फरशीवर पाय पडतो, घरात अंधार असतो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी निदान पाचांतील एक वर्षभरात दगावतो, हे लक्षात घेता पादाभ्यंग सांगताना ‘तेल जिरल्यावर पाय कोरड्या फडक्याने पुसा’ हे वाक्य चिठ्ठीवर लिहिणे हा चिकित्सेचाच भाग ठरतो.

एकाकीपणाचा विचारही चिकित्सेबाहेरचा समजू नये. चरकाचार्यांनी आचाररसायनात वृद्धांच्या सेवेचा अंतर्भाव केला, म्हणजे त्यांच्याजवळ बसणाऱ्यालाही त्याचे फळ सांगितले. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ, देवळातील हरिपाठ, बागेतील कट्टा यांतून एखादा माणूस हळूहळू नाहीसा होतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘वयामुळे विरक्ती आली.’ पुष्कळदा ती विरक्ती नसते. ऐकू येत नसते. चार माणसांत दर वेळी ‘काय म्हणालात?’ असे विचारण्याची लाज वाटते. बहिरेपण हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक असल्याचे लॅन्सेट आयोगाने २०१७ पासूनच्या आपल्या अहवालांत नोंदवले आहे. अशा रुग्णाला मेध्य कल्प देण्यापूर्वी कानातील मळ पाहावा व श्रवणयंत्रासाठी पाठवावे. राज्यात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील व्यक्तींना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. गुडघे व मूत्रवेग आटोक्यात राहिले तर त्या सवलतीचा उपयोग लेकीकडे जाण्यासाठी होतो. रुग्णाला आपल्याकडून बहुधा एवढेच हवे असते.

आम्ही गेली काही वर्षे एक साधा नेम ठेवला आहे. साठीपुढील रुग्णाला पहिल्या भेटीतच सांगतो, ‘आजी, पुढच्या खेपेला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. कुणी दिलेली, कुठलीही असू देत. मी रागावणार नाही.’ पिशवी टेबलावर रिकामी केली की अर्धे निदान होते. मुदत संपलेल्या बाटल्या निघतात. एकच औषध दोन नावांनी निघते. चालू गोळ्या परस्पर बंद करावयाच्या नसतात. शंका असेल तेथे संबंधित डॉक्टरांना चिठ्ठी लिहावी, किंवा सरळ फोन करावा. औषधालयचालकांनीही चूर्ण मागणाऱ्या वृद्धाला ‘बी.पी.ची, साखरेची गोळी चालू आहे का?’ एवढे विचारावे, आणि पुडीवर औषधाचे नाव व वेळ मराठीत, ठसठशीत अक्षरांत लिहून द्यावी. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना छापील लेबल वाचता येत नाही.