काठी, तिथी आणि समुद्र : पृथ्वीचा खजिना शोध

पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस-रात्र होतात, सूर्याभोवती फिरते म्हणून ऋतू बदलतात, चंद्रामुळे भरती-ओहोटी येते. ही तीन वाक्यं शाळेत तोंडपाठ होतात. ती तपासून पाहायला मात्र क्वचितच कुणी सांगतं. खरं तर त्यासाठी वर्गातला खजिना शोध पुरतो. चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहायचे, मुलांचे गट करायचे आणि उत्तरं पुस्तकाबाहेर शोधायला लावायची. सामान म्हणजे एक मीटरची सरळ काठी, घड्याळ आणि तिथी दाखवणारी दिनदर्शिका.

पहिली चिठ्ठी : खरी मध्यान्ह किती वाजता?

काठी मैदानात उभी रोवावी आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सावली सर्वांत आखूड होते ती मध्यान्ह. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. त्यामुळे मध्यान्ह गडचिरोलीत सरासरी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास होते, तर मुंबईत १२ वाजून ३९ मिनिटांच्या. दोन्हीकडच्या शाळांनी फोनवरून नोंदी जुळवल्या, तर पृथ्वीचं फिरणं मुलांनी स्वतः मोजलेलं असेल.

दुसरी चिठ्ठी : उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो का?

नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती १५.२ कोटी किलोमीटर दूर जाते. ऋतू घडतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे. याचा पुरावा काठीच देते. मुंबईत २२ डिसेंबरला तिची मध्यान्हीची सावली सुमारे ९२ सेंटिमीटर पडते, २१ मार्चला ३५ आणि १५ मेच्या सुमारास शून्य. जूनमध्ये तीच सावली चक्क दक्षिणेकडे पडते. सबंध महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने शून्य सावलीचा दिवस इथे प्रत्येक गावाला वर्षातून दोनदा मिळतो.

तिसरी चिठ्ठी : आज भरती किती वाजता?

याचं उत्तर कोकणातल्या मच्छीमारांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. चंद्राकडच्या बाजूचं पाणी पृथ्वीपेक्षा जास्त ओढलं जातं, पलीकडचं कमी. म्हणून दोन फुगवटे तयार होतात आणि साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती येते. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि समुद्राला उधाण येतं. अष्टमीच्या आसपास ती काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती. किनाऱ्याचा आकारही महत्त्वाचा : गोव्यात उधाणाला पाणी दोनेक मीटर चढतं, मुंबईत साडेचार मीटरच्या आसपास.

स्वतः मोजलेली सावली मूल विसरत नाही. म्हणून शिक्षकांना आणि पालकांना आग्रहाची विनंती : दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाणार असाल, तर भाऊबीजेला मुलांना घेऊन किनाऱ्यावर जा. द्वितीयेची पाऊणपट दीड. खडकांपासून दूर, सुरक्षित जागी थांबा आणि घड्याळ मुलांच्या हाती द्या.