वलद व अवलाद
वलद व अवलाद : ‘मूल’, ‘मुलगा’ या अर्थाचा अरबी शब्द ‘वलद’ व त्याचे अनेकवचन ‘अवलाद’ (औलाद). ‘जन्म देणे’ या अर्थाच्या व–ल–द या सामी धातूपासून तो बनला आहे. अक्कादी भाषेत हाच धातू ‘वलादु’ असा, तर इथिओपियाच्या प्राचीन गीझ भाषेत ‘वलद’ असा आढळतो. वायव्य सामी भाषांत शब्दारंभीच्या ‘व’चा ‘य’ होत असल्याने हिब्रूत मुलास ‘येलेद’ म्हणतात. वालिद (पिता), वालिदा (माता) आणि ईद-ए-मिलाद या सणाच्या नावातील ‘मिलाद’ (जन्म) हे शब्दही याच धातूचे होत.

अरबीत ‘अवलाद’ हे शुद्ध अनेकवचन आहे. खबर–अखबार ही जोडी त्याच प्रकारची. अरबीबाहेर मात्र हे भान सुटले. तुर्कीत ‘एवलात’ म्हणजे एकच अपत्य. उझबेकीत ‘अवलोद’ म्हणजे पिढी वा वंश. मराठीने फार्सीमार्फत तो घेतला आणि स्त्रीलिंगी एकवचनी केला. बोलण्यात त्यास हेटाळणीची छटा आली. मूळ शब्दात तिचा मागमूस नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दप्तरी मराठीत हे दोन्ही शब्द कायद्याच्या कामाचे होते. वतन-इनामाच्या सनदांतील ‘अवलाद अफलाद’ या जोडशब्दामुळे देणगी धारकाच्या हयातीपुरती न राहता वंशपरंपरेची होई. फार्सीतील ‘अवलाद व अहफाद’ (मुले व नातवंडे) या प्रयोगाचे हे रूप असून, ‘अवलाद’शी यमक साधण्यासाठी दुसरा शब्द बदललेला दिसतो. ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ हा त्याचा संस्कृत प्रतिशब्दही सनदांत आढळतो. ‘वलद’ हा शब्द व्यक्तीचे नाव आणि पित्याचे नाव यांच्यामध्ये येतो. ‘राघो वलद सोमा’ म्हणजे सोमाचा मुलगा राघो. ‘बिन’ (अरबी इब्न) याचे कार्यही तेच. ब्राह्मणांच्या नावांत मात्र असा दुवा न घालता पित्याचे नाव सरळ जोडण्याची रीत होती, उदा., बाळाजी विश्वनाथ.

पालघर, तारापूर व बोईसर हा किनारपट्टीचा टापू गुजरातच्या सुलतानांकडून पोर्तुगीजांकडे (१५३४) आणि तारापूर व वसई पडल्यावर मराठ्यांकडे (१७३९) गेला. त्यानंतर तेथील वतनव्यवहार मराठी दप्तराच्या परिभाषेत येणे स्वाभाविकच होते. पालघर हा आदिवासीबहुल जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झाला. अनुसूचित जमातींच्या दाखल्याची पडताळणी करताना १९५० पूर्वीच्या नोंदींना विशेष महत्त्व दिले जाते. अशा जुन्या कागदात ‘वलद’ हा शब्द आडनाव समजून वाचला गेला, तर पिता-पुत्राचा दुवा तुटतो आणि वंशावळ जुळत नाही. मोडी वाचता येणाऱ्यालाही ही चूक होऊ शकते, कारण अडचण अक्षराची नसून शब्दार्थाची असते.

मुस्लिम कायद्यात ‘वक्फ-अलल-औलाद’ म्हणजे स्वतःच्या संततीच्या लाभासाठी केलेला वक्फ. बंगालमधील अबुल फता खटल्यात (१८९४) प्रिव्ही कौन्सिलने असा वक्फ केवळ घराण्याच्या लाभाचा म्हणून अवैध ठरविला. त्यामुळे मुस्लिम समाजात असंतोष पसरला व १९१३ च्या अधिनियमाने तो वैध करण्यात आला. १९३० च्या अधिनियमाने ही वैधता पूर्वीच्या वक्फांनाही लागू झाली. ‘औलाद’मध्ये मुलीही येतात; तथापि व्यवहारात त्या पुष्कळदा वगळल्या जात. अशा वक्फामुळे स्त्री-वारसांचा हक्क डावलला जाऊ नये, अशी तरतूद २०२५ च्या दुरुस्तीने केली आहे.

मराठी कागदपत्रांतून ‘वलद’ आता बव्हंशी लोपला असून, पित्याचे नाव मधले नाव म्हणून थेट लिहिले जाते. विदर्भातील जुन्या महसुली नोंदींत तो ‘वल्द’ या रूपात भेटतो.