तथ्यपडताळणी पत्रकार

तथ्यपडताळणी पत्रकार हा समाजमाध्यमांवर व संदेशवहन ॲपवर फिरणारा मजकूर, छायाचित्रे आणि चित्रफिती यांचा मूळ स्रोत शोधून त्यांची सत्यासत्यता वाचकांसमोर मांडणारा पत्रकार होय. संघटित अपप्रचार, द्वेषमूलक मोहिमा आणि आंतरजालावरून पसरणारा कडवा विचार यांचे वार्तांकनही याच कार्यक्षेत्रात येते. एरवी वार्ताहर घटनास्थळी जाऊन काय घडले याची नोंद करतो. येथे मात्र सांगितली जाणारी घटना घडलीच नाही, किंवा अन्यत्र व अन्य काळी घडली, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील पॉइंटर इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये तथ्यपडताळणी संस्थांचे आंतरराष्ट्रीय जाळे स्थापन केले. भारतात मुंबईची 'बूम' आणि २०१७ मध्ये अहमदाबादेत प्रतीक सिन्हा व मोहम्मद झुबेर यांनी सुरू केलेली 'ऑल्ट न्यूज' या संस्था पुढे आल्या. 'फॅक्ट क्रेसेंडो'सारख्या काही संस्था मराठीतूनही पडताळणी प्रसिद्ध करतात.

या कामाची गरज महाराष्ट्रात त्याआधीच दिसून आली होती. छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी छायाचित्रे २०१४ मध्ये फेसबुकवर पसरल्यानंतर पुण्यात तणाव निर्माण झाला. २ जून २०१४ रोजी हडपसर येथे मूळच्या सोलापूरच्या एका तरुण संगणक व्यावसायिकाची जमावाने हत्या केली. त्या छायाचित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. या खटल्यातील आरोपींची पुण्यातील न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मुक्तता केली.

राईनपाडा प्रकरण

सोलापूर जिल्ह्याशीच संबंधित दुसरी घटना धुळे जिल्ह्यात घडली. १ जुलै २०१८ हा रविवार, साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासीबहुल गावाचा आठवडी बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच जण तेथे आले होते. त्यांपैकी बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातील होते आणि भिक्षेसाठी गावोगाव फिरणे हा त्यांचा परंपरागत जीवनक्रम होता. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि मुले पळवणारी टोळी आल्याचा गलका झाला. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून मरेपर्यंत मारहाण केली. मारहाणीची चित्रफीतही नंतर व्हॉट्सॲपवर फिरली. त्याच दिवशी मालेगावात अशाच संशयावरून घेरल्या गेलेल्या पाच जणांना पोलिसांनी वाचवले. त्यांत दोन वर्षांचे एक मूल होते.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींचा पत्रकारांनी मागोवा घेतला. सर्वाधिक पसरलेल्या चित्रफितीत मोटारसायकलवरील दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेताना दिसत होते. ती मूळची कराचीतील, बालसुरक्षेविषयी जनजागृती करणारी चित्रफीत निघाली. मूळ चित्रफितीच्या अखेरीस मोटारसायकलस्वार मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. पसरवलेल्या आवृत्तीतून नेमका हा शेवट कापलेला होता. अवयवांसाठी मारलेली मुले म्हणून फिरवलेले एक छायाचित्र २०१३ मध्ये सीरियातील घौटा येथे झालेल्या रासायनिक हल्ल्यातील बालकांचे होते. दोन्ही दृश्ये बनावट नव्हती. स्थळ, काळ आणि संदर्भ तोडून ती वापरली गेली होती. तथ्यपडताळणीत आढळणारा हा अतिशय सामान्य प्रकार आहे.

कार्यपद्धती

चित्रफितीतील निवडक चौकटी वेगळ्या काढून त्यांवरून आंतरजालावर उलट शोध घेणे, ही बहुधा पहिली पायरी असते. त्यानंतर दुकानांच्या पाट्या, वाहनांचे क्रमांक, गणवेश, बोली आणि सावल्यांची दिशा तपासली जाते. मात्र यंत्राने मिळालेल्या उत्तराला प्रत्यक्ष चौकशीची जोड द्यावी लागते. उदाहरणार्थ, बार्शी तालुक्यातील वैरागच्या बाजारातून मूल पळवल्याचा संदेश आला, तर वैराग पोलीस ठाण्यात तशी तक्रार आहे का, आसपासच्या शाळांतून कोणी बेपत्ता आहे का आणि हाच मजकूर केवळ गावाचे नाव बदलून दुसऱ्या जिल्ह्यात फिरत आहे का, हे पाहिले जाते. असे गावाचे नाव बदललेले संदेश वारंवार सापडतात. स्थानिक वार्ताहराचा एक दूरध्वनी येथे कित्येकदा संगणकापेक्षा लवकर उत्तर देतो.

मर्यादा व धोके

व्हॉट्सॲपवरील संदेश केवळ पाठवणारा व स्वीकारणारा यांनाच वाचता येतात; त्यामुळे अफवा कोठून निघाली, हे पत्रकाराला बाहेरून दिसत नाही. म्हणून अनेक संस्था वाचकांनी संशयास्पद संदेश पाठवावेत यासाठी स्वतंत्र क्रमांक जाहीर करतात. तरीही खुलासा बहुधा अफवेच्या मागून येतो, आणि अफवा मिळालेल्या प्रत्येकापर्यंत तो पोहोचतोच असे नाही. राईनपाड्याच्या बाबतीत चित्रफितींचा उलगडा उपलब्ध असूनही त्याचा उपयोग झाला नाही.

या क्षेत्रातील पत्रकारांना, विशेषतः महिलांना, संघटित शिवीगाळ व धमक्या सहन कराव्या लागतात. १ जानेवारी २०२२ रोजी उघडकीस आलेल्या 'बुल्ली बाई' प्रकरणात मुस्लिम महिलांची छायाचित्रे वापरून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडण्यात आला होता. त्यांत पत्रकारही होत्या. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने या प्रकरणी अटक केली.

कायदेशीर बाजू

राईनपाड्यानंतर काही दिवसांतच व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये, पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या हत्येची स्वतंत्र तरतूद आहे. मूल पळवल्याच्या निव्वळ संशयावरून झालेली हत्या या व्याख्येत बसते का, हा प्रश्न त्यातून उरतो.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, केंद्राच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार शासकीय तथ्यपडताळणी कक्षाला देऊ केला होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आदींनी त्यास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते विभागली गेली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचे मत दिले आणि ती रद्द ठरली.