पंचनिर्णय व प्रेक्षक

पंचनिर्णय म्हणजे सामन्यातील घटना नियमांशी ताडून पंचाने दिलेला निवाडा. तो सामान्यतः अंतिम मानला जातो. एखादा निर्णय चुकल्यास प्रेक्षकांचा रोष बहुधा त्या सामन्यापुरता राहतो. परंतु एकाच प्रकारच्या कृतीला वेगवेगळा न्याय लावला गेल्यास स्पर्धेवरील विश्वासच ढळतो. त्यामुळे निर्णयाच्या अचूकतेइतकेच त्यातील सातत्यही महत्त्वाचे ठरते.

महाराष्ट्रात हा प्रश्न कबड्डी व कुस्ती या खेळांत विशेष जाणवतो. विरार, वसई व पालघर या पट्ट्यातील गावोगावच्या कबड्डी सामन्यांत प्रेक्षक सीमारेषेलगत बसतात व प्रत्येक निर्णय जवळून पाहतात. कबड्डीत एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक व दोन साहाय्यक गुणलेखक असतात. बोटाचा ओझरता स्पर्श, दम मोडणे, बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकताना दुसरा हवेत असणे, या गोष्टी क्षणार्धात घडतात व सर्व बाजूंनी सारख्या दिसत नाहीत.

विसंगतीची कारणे स्थूलमानाने तीन आहेत. पहिले, कोणता नियम लागू आहे याविषयीची संदिग्धता. हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरुष कबड्डीच्या अंतिम सामन्यात भारत व इराण यांची गुणसंख्या २८–२८ होती. त्या वेळी भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला व इराणचे बचावपटू त्याच्यामागे तेथे शिरले. जुन्या नियमानुसार असे बचावपटूही बाद ठरतात. नव्या नियमानुसार केवळ चढाईपटू बाद होतो. निर्णय बदलत गेला आणि सामना दीर्घकाळ थांबला. अखेर भारताला तीन व इराणला एक गुण देण्यात आला. भारताने सामना ३३–२९ असा जिंकला.

दुसरे कारण, प्रत्यक्ष काय घडले याविषयीचा मतभेद. जानेवारी २०२३ मध्ये पुणे येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरच्या टांगेला दिलेल्या चार गुणांवरून कुस्तीशौकिनांत तीव्र वाद झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे शिवराज राक्षे व पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीतील चितपटीच्या निर्णयावरून असंतोष भडकला. पंचाला लाथ मारल्याबद्दल राक्षे यांच्यावर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले किंवा नाही, हे एका कोनातून दिसते ते दुसऱ्यातून दिसेलच असे नाही.

तिसरे कारण, प्रेक्षकांचे दडपण. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात ४० फुटबॉल पंचांना एकाच सामन्याची चित्रफीत दाखविण्यात आली. प्रेक्षकांचा आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सु. १५ टक्के कमी दोष दिले. म्हणजे ज्या विसंगतीवर प्रेक्षक चिडतात, तिला काही अंशी त्यांचा कोलाहलही कारणीभूत असतो.

उपाय म्हणून चित्रफितीच्या फेरतपासणीचा अवलंब होतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये निरनिराळ्या विभागीय संघटना आपापले पंच नेमतात. तेथे २००४ मध्ये एका संघटनेने फेरतपासणीचा प्रयोग केला व पुढे ती सर्वत्र रूढ झाली. तथापि तक्रारी थांबल्या नाहीत, कारण चित्रफीत घटना दाखविते, नियमाचा अर्थ सांगत नाही. शिवाय ग्रामीण स्पर्धांना हा खर्च सहसा झेपत नाही. तेथे सामन्यापूर्वी लागू नियम जाहीर करणे, पंचांचे नियमित प्रशिक्षण, त्रयस्थ पंचांची नेमणूक आणि निर्णयाचे कारण तेथल्या तेथे ध्वनिक्षेपकावरून सांगणे, हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. कारण कळल्यास प्रतिकूल निर्णयही प्रेक्षक बहुधा स्वीकारतात. ते न कळल्यास योग्य निर्णयही पक्षपाती वाटतो. [⟶ कबड्डी, कुस्ती].