रेकॉर्डर काय सांगतो, ते आधी वाचावे



आपल्या देणगीतून घेतलेला रेकॉर्डर नेमका कसा चालतो, असे अनेकांनी विचारले. भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत नव्या स्वयंसेवकांना मी जे शिकवतो, तेच येथे थोडक्यात लिहितो.

हे यंत्र लागते कशाला? १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अनेक जमातींवर जन्मतःच शिक्का बसला. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ते दिवस पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. पारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची. ती लिहिली जाते फार कमी, बोलली जाते तोंडी. म्हणून म्हाताऱ्यांचा आवाज हाच त्यांचा कागद.

आमचा रेकॉर्डर झूम कंपनीचा एच ६ हा आहे. त्याला चार माईक जोडता येतात. जोडणीच्या प्रत्येक भोकात दोन सोयी आहेत : कडेला तीन पिनांची जागा माईकच्या वायरीसाठी, मध्ये गोल जागा जाड पिनेसाठी. प्रत्येक माईकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर उतरतो. त्यामुळे आजी बोलताना शेजारी नातू खोकला, तरी त्याचा ट्रॅक नंतर हळू करता येतो. मात्र माईक जवळजवळ ठेवले, तर खोकला दोन्हींत शिरतो. म्हणून प्रत्येकाचा माईक त्याच्या तोंडाजवळ असावा.

कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. तो यंत्रातून चालू करावा लागतो. साध्या डायनॅमिक माईकला तो नको. गरज नसता चालू ठेवला, तर बॅटरी लवकर संपते. हेडफोनचे भोक आणि बाहेर आवाज देण्याचे भोक वेगवेगळी आहेत. नीट पाहून जोडावे.

आता पडदा. ज्या ट्रॅकचे बटण तांबडे, तोच रेकॉर्ड होतो. बटण दाबायचे राहिले, तर माईक जोडलेला असूनही काहीच उतरत नाही. आवाजाची पट्टी साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचावी. ती शून्याला टेकली, की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागून पूर्ण दुरुस्त होत नाही. हळू आवाज वाढवता येतो, पण त्यासोबत खरखरही वाढते. म्हणून सुरुवातीला वृद्धांना नाव, गाव विचारावे आणि तेवढ्यात पट्टी जुळवावी.

पडद्यावर उरलेला वेळही दिसतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असे ठेवल्यास एका ट्रॅकला तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते. चार ट्रॅकना दोन जीबीहून थोडी अधिक. ३२ जीबीच्या कार्डावर त्या हिशोबाने १५ तास मावतात. बॅटरीचे चिन्हही पाहावे. यंत्रात चार पेन्सिल सेल असतात, म्हणून चार नवे सेल पिशवीत असावेत.

सर्वांत महत्त्वाचे : रेकॉर्डिंग चालू झाल्यावर वेळेचे आकडे पुढे सरकतात का, ते पाहावे आणि हेडफोन कानाला लावावा. आजी तीच गोष्ट पुन्हा सांगेल, पण पहिल्यांदा सांगताना भरून आलेला आवाज दुसऱ्यांदा येत नाही.

ज्यांना हे काम शिकायचे आहे त्यांनी जरूर यावे. यंत्र फार अवघड नाही. ऐकण्याची तयारी मात्र हवी.