रानातल्या उजेडाचा हिशेब

भर दुपारी उघड्या माळावर वनस्पतींच्या उपयोगाचा, म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दर सेकंदाला चौरस मीटरमागे सुमारे 2000 मायक्रोमोल पडतो. घनदाट सदाहरित रानात त्यातला जेमतेम एक-दोन टक्के जमिनीपर्यंत पोचतो. हा आकडा खरा आहे, पण तेवढ्यावर झाडांखालचा उजेड समजला असं मानणं चूक. तिथला उजेड संथ नसतो. पानांच्या फटींतून कवडसे उतरतात, काही सेकंद किंवा मिनिटं टिकतात, वारा सुटला की हलतात. उष्ण कटिबंधातल्या कित्येक रानांत जमिनीवरच्या रोपाला दिवसभरात मिळणाऱ्या प्रकाशाचा निम्म्याहून जास्त वाटा या कवडशांचाच असतो. एकदाच घेतलेल्या नोंदीत कवडसा सापडला तर आकडा फुगतो, निसटला तर रान काळोखं ठरतं. त्यात लक्समीटर वापरला तर आणखी घोटाळा, कारण तो माणसाच्या डोळ्याच्या मापाने हिरव्या रंगाला झुकतं माप देतो. पानं तर लाल-निळा शोषून हिरवाच जास्त खाली सोडतात.

यावर कुणी म्हणेल, दिवसाची बेरीज घ्या, प्रश्न मिटला. नाही मिटत. सावलीतलं पान थोड्याच उजेडाने तृप्त होतं. त्यापुढचा लख्ख प्रकाश त्याच्या कामी येत नाही. शिवाय बराच वेळ अंधारात राहिलेल्या पानाला पूर्ण वेगाने अन्न बनवायला काही मिनिटं लागतात. पहिला कवडसा बराचसा वाया जातो, पाठोपाठ आलेला दुसरा कारणी लागतो. बेरीज तीच, वाढ वेगळी. म्हणून नोंद काही सेकंदांच्या अंतराने, अनेक ठिकाणी आणि सलग हवी.

खर्चाचा आक्षेप मात्र रास्त आहे. त्याला तोड म्हणजे जमिनीलगत कॅमेरा आभाळाकडे रोखून ‘फिशआय’ भिंगाने काढलेलं छायाचित्र. रॉबिन हिल यांनी असा कॅमेरा 1924 मध्ये ढगांसाठी मांडला. 1959 मध्ये इव्हान्स आणि कूम्ब यांनी तो रानाखालच्या उजेडासाठी वापरला. छायाचित्रातल्या फटींवर सूर्याचा वर्षभराचा मार्ग आखला की ऊन कधी, किती वेळ येईल ते काढता येतं. पण छायाचित्राला फटी दिसतात, ढग दिसत नाहीत. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं. तेव्हा कवडसे विरळ आणि विखुरलेला प्रकाशच जास्त. तिथे नुसत्या छायाचित्रावर रोपांची जागा ठरवू नये. निदान पावसाळ्यात तरी काही सेन्सर रानात ठेवून हिशेब ताडून पाहावा.